आधणानंतर

अहवालात मी लिहिलं: नमुना सात, शिजवलेला भात.
जंतू – जवळजवळ नाहीत.
खालच्या रकान्यात: विष – आहे.
आणि पेन टेबलावर ठेवलं.

सोहारच्या बंदरामागे, कंटेनरांच्या रांगा संपतात तिथे
कामगारांची वसाहत.
तिथल्या मुदपाकात हुसेनमिया हमदुले,
मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे,
चौदा वर्षं दोनशे माणसांचं आधण ठेवणारे.
ऑगस्टची रात्र. रात्रपाळीची बस वाटेत बंद पडली,
भात देगेतच राहिला,
वर ओलं फडकं.
अन्न आहे, टाकायचं कसं?
पहाटे पाण्याचा हबका मारून पुन्हा चढवला,
वाफेनं झाकण हलेपर्यंत.
सातला दिलबहादूर ओकला,
मग सनातन, मग क्रेनच्या शिडीवर अर्ध्यात रफीकुल.
नऊपर्यंत एकतीस.

प्रयोगशाळेच्या दारात ते उभे राहिले, चपला बाहेर काढून.
कुणीतरी सांगितलं होतं, आत एक बाई मराठी बोलते.

"बाई, मी उकळवला होता. हात लावायची सोय नव्हती."
"हो."
"मग मेलं नाही ते?"
"मेलं."
"मग?"

त्या 'मग'चं उत्तर मला येत होतं,
पण परक्या भाषेत शिकलेलं.
मी टेबलावर बोटानं एक गोल काढला.
म्हटलं, शेतातल्या मातीतून तांदळाला चिकटून येतं एक बीज.
आधणात मरत नाही, उलट जागं होतं.
भात कोमट झाला की हातपाय पसरतं
आणि बारा मण्यांचं एक कडं वळून ठेवतं.
वळणारा मरतो, कडं राहतं.
त्याला टोक नाही, गाठ नाही,
विस्तवानं उसवायला घ्यावं तर कुठून?
एकशे एकवीस अंशांवर दीड तास ठेवून पाहिलंय मी.
जसंच्या तसं.

टेबलावर नसलेल्या त्या गोलाकडे
ते बराच वेळ बघत राहिले.
"आमची आई म्हणायची, चुलीवरून उतरलं ते पाक."

माझीही हेच म्हणायची, शब्द तेवढा वेगळा.
आणि दोघांची हाडं भरली ती शिळ्यावरच,
सकाळी कांदा-मोहरीवर परतलेल्या,
तळाच्या खरपुडीसाठी भावंडांशी भांडून खाल्लेल्या.
आम्ही कसे वाचलो?
भात थोडा असायचा, म्हणून.
लहान पातेलं लगेच निवतं,
देगेच्या पोटात मात्र ऊब रात्रभर ठाण मांडते.
गरिबीचं हे एक देणं
मी कधी हिशेबात धरलं नव्हतं.

कंपनीनं त्यांचं तिकीट काढलं, गुरुवारचं.
बुधवारी रात्री मी वसाहतीत गेले. नियमात बसत नव्हतं.
नवा आचारी बरिशालचा, पोरगेलासा,
भिंतीवरच्या सूचना त्याला वाचता येत नव्हत्या
आणि हुसेनमियांनाही त्या फारशा पटलेल्या दिसल्या नाहीत.
त्यांनी बर्फावर परात ठेवली, कढत भात ओतला.
"पतला कर. और पतला."
पोरानं हात मागे घेतला तेव्हा यांनी आपले घातले,
वाफेनं बोटांना चिकटलेले प्लास्टिकचे मोजे,
तोंडानं चटक्याचा 'स्स' आवाज,
चटईइतका पातळ, परातीचा तळ दिसेल इतका.
माझा चष्मा आंधळा झाला.

रफीकुल तेवढा अजून इस्पितळात होता.
त्याच्या यकृताचे आकडे माझ्या पर्समध्ये.
त्यांनी विचारलं नाही.
मीही पर्स उघडली नाही.

चष्मा पुसून पाहिलं तर भात निवला होता.
त्यात दहा बोटांच्या रेघा, खाचरात नांगर फिरावा तशा,
आणि तो पोरगा वाकून
एकेका रेघेवरून, न टेकवता,
आपलं बोट फिरवत होता.